अनुस्वार: टिंब कुठे द्यायचं, कुठे नाही

‘संवाद’, ‘अंगण’, ‘चिंच’ यांतला अनुस्वार कुणी चुकत नाही. ‘नांव’, ‘पांच’, ‘कांही’ यांवरचं टिंब 1962 च्या नियमांनी गेलं, ते परत आणू नका. बोलीत लिहिणार असाल तर ‘काम झालं’, नाहीतर ‘काम झाले’. एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

खरी गडबड होते ती प्रत्यय लागल्यावर. ‘मोठ्याने म्हणून बघा, आपोआप कळेल’ हा सल्ला इथे कुचकामी आहे. घाईत बोलताना ‘दोन दिवसात’ आणि ‘दोन दिवसांत’ सारखंच ऐकू येतं. मलाही हाच टप्पा सगळ्यांत जड गेला आणि सुटला तो व्याकरणानेच.

प्रत्यय बाजूला काढा. तो ज्याला लागलाय ते एक की अनेक, एवढंच विचारा. पुढच्या शब्दाकडे अजिबात बघू नका. ‘मुलाचे मित्र’: मित्र कितीही असोत, मुलगा एकच, म्हणून टिंब नाही. ‘मुलांचा मित्र’: मित्र एक, पण मुलं अनेक, म्हणून टिंब हवंच. तरी शंका राहिली, तर तिथे ‘त्याचा’ बसतं की ‘त्यांचा’ ते पाहा. आदरार्थी बहुवचनही यातच निकालात निघतं. वडील एकटेच, तरी आपण ‘त्यांचा चष्मा’ म्हणतो, म्हणून ‘वडिलांचा चष्मा’.

‘नदीचं’ आणि ‘नद्यांचं’ यांत रूपच बदलतं, त्यामुळे टिंब राहिलं तरी वाचक सावरून घेतो. पण ‘शेतकऱ्याचं कर्ज माफ’ आणि ‘शेतकऱ्यांचं कर्ज माफ’ यांत टिंबाशिवाय काहीच वेगळं नाही. एकाचं कर्ज माफ झालं की सगळ्यांचं, हे त्या टिंबावर ठरतं. म्हणून ‘टिंबाने काय बिघडतं’ हे मला मुळीच पटत नाही.

आधी संख्या आली की हात हमखास चुकतो. ‘चार वर्षापूर्वी’ नव्हे, ‘चार वर्षांपूर्वी’. ‘तीन तासानी’ नव्हे, ‘तीन तासांनी’. मात्र ‘दुसऱ्या महिन्यात’ला टिंब नाही, कारण महिना एकच.

‘नी’ आणि ‘नो’ हे अनेकवचनाचेच प्रत्यय. ‘लोकानी’, ‘मित्रानो’ कधीच लिहू नका; ‘लोकांनी’, ‘मित्रांनो’. एकवचनाला ‘ने’, म्हणून ‘त्याने’ किंवा ‘त्यांनी’. ‘त्यांने’ असं रूपच नाही.