टोकियोत पळायचं असेल तर आधी नदी गाठा

मे ते ऑगस्ट असे चार महिने ऑफिसच्या कामासाठी टोकियोला जायचं ठरलं, तेव्हा घरच्यांना काळजी माझ्या जेवणाची होती आणि मला सप्टेंबरातल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनची. यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि तसंच उतरून परत यायचं, २१ किलोमीटर. मी परतणार ऑगस्टअखेर. म्हणजे तयारी जी काही व्हायची ती टोकियोतच. वय ४६, उजव्या टाचेचं जुनं दुखणं, आणि राहायची जागा निशी-कासाईला, जिथला बराच भाग समुद्रसपाटीच्याही खाली आहे. घाट सोडाच, साधा चढ नाही.

त्या चार महिन्यांत जे जमलं आणि जे चुकलं, ते इथे सांगते. टोकियोत आयटीच्या कामाला जाणारी आपली बरीच मंडळी निशी-कासाईच्या आसपासच उतरतात, त्यामुळे रस्त्यांची नावंसुद्धा उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, पोचल्यावर लगेच पहाटे उठून पळायला जाऊ नका. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथे सकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्या शरीराच्या हिशोबाने रात्रीचे अडीच असतात. मी हट्टाने दुसऱ्याच दिवशी साडेपाचला बाहेर पडले. पाय शिशाचे झाले होते आणि दिवसभर मीटिंगमध्ये डोळे मिटत होते. त्यापेक्षा पहिले तीन-चार दिवस संध्याकाळी सहा-सातला हलकं पळा आणि सकाळी नऊच्या सुमारास अर्धा तास उन्हात नुसतं चाला. पाचव्या दिवशी मला आपोआप लवकर जाग आली.

आणि पहाट तिथे खरंच पहाटे होते. जूनमध्ये साताऱ्यात सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, टोकियोत साडेचारलाच. पाचला बाहेर पडलं तर लख्ख ऊन. पडदे जाड लावा, नाहीतर झोप पुरी होत नाही, आणि झोपेविना पळणं म्हणजे दुखापतीला आमंत्रण.

दुसरी गोष्ट चालण्याची. साताऱ्यात मी घरातून स्कूटरवर बसते आणि ऑफिसच्या दारात उतरते. टोकियोत स्टेशनपर्यंत चालायचं, गाडी बदलायची, त्यासाठी जमिनीखालचे लांबच लांब बोगदे तुडवायचे, जिने चढायचे. पहिल्या आठवड्यात रोज १२-१५ हजार पावलं नुसत्या जाण्यायेण्यात होत होती, तीही ऑफिसच्या बुटांत आणि कडक फरशीवर. मी ती मोजलीच नाहीत, वर नेहमीएवढी पळत राहिले, आणि दहाव्या दिवशी टाच ठणकायला लागली. तेव्हा पहिले दोन आठवडे पळण्याचं अंतर निम्मं करा. ऑफिसलाही मऊ तळव्याचे बूट घाला. रात्री पाण्याची गोठवलेली बाटली तळपायाखाली दहा मिनिटं फिरवा. माझी टाच त्यानेच सावरली.

आता वाटेबद्दल. नव्या शहरात रोज नवी गल्ली, नवं देऊळ, नवा बाजार बघत पळावं असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. नजर पाट्यांवर, मन नकाशात आणि दर दोनशे मीटरला सिग्नल. त्यात पळणं होत नाही, फिरणं होतं. फिरायला रविवार आहे. पळण्यासाठी एकच वाट निवडा, आधी ती दिवसाउजेडी चालून या, आणि निदान दहा दिवस तीच धरा. चौथ्या-पाचव्या दिवशी पाय स्वतःहून वळायला लागतात, श्वासाकडे लक्ष जातं, आणि परक्या गावात एवढी एक पट्टी तरी आपली वाटायला लागते. मला घरची आठवण सगळ्यात कमी त्या पट्टीवर आली.

ती वाट नदीकाठची असली तर उत्तम. नदीला सिग्नल नसतात, आणि काठ सोडला नाही तर चुकायचं कसं? निशी-कासाई स्टेशनपासून पश्चिमेला चालत गेलात की बांध लागतो. तिथे नाकागावा आणि आराकावा अशा दोन नद्या शेजारी-शेजारी समुद्राकडे जातात. आराकावा या नावाचा अर्थ खवळलेली नदी, पण तिचा हा खालचा भाग माणसांनी खणलेला आहे. १९१० च्या महापुरानंतर शहर वाचवायला २२ किलोमीटरचा पाट काढला, १९२४ मध्ये त्यात पाणी सोडलं आणि १९३० मध्ये काम पुरं झालं. म्हणून तो इतका रुंद आणि सरळ आहे, आणि म्हणूनच पळणाऱ्याला पुढचा पूल कितीतरी आधीपासून दिसत राहतो. कासाई पूल ओलांडून पलीकडच्या काठावर जा. नदीच्या मुखापासून किती किलोमीटर झाले ते सांगणारे फलक काठाने लावलेले आहेत, त्यामुळे घड्याळाचं जीपीएस बंद असलं तरी हिशोब चुकत नाही. वर बघितलं तर ६३४ मीटरचा स्कायट्री मनोरा वायव्येची दिशा सांगतो.

काठावर तीन गोष्टी सांभाळा. पहिली सायकली. त्या वेगाने येतात, म्हणून आपली डावी बाजू सोडू नका आणि मागे न बघता वळू नका. (वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असते, तेवढं एक सोपं.) दुसरा वारा. समुद्र जवळ असल्याने तो जोरात असतो, म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर तो पाठीशी येतो. तिसरी सावली, कारण ती जवळजवळ नाहीच, आणि रात्री तिथे दिवेही फारसे नाहीत. अंधार पडल्यावर मी नदीवर कधी गेले नाही. रात्री पळायचं झालं तर वस्तीतल्या बागांमधून पळे. त्या बागांत स्वच्छतागृहं असतात, फुकट आणि वापरण्याजोगी. बायकांना हे आधी माहीत असलं की निम्मी चिंता जाते.

चुकण्याचा प्रसंग माझ्यावर आलाच. नदी सोडून आतल्या कालव्याकाठी वळले, एकसारख्या दिसणाऱ्या सरकारी इमारतींत शिरले, आणि फोनची बॅटरी संपली. टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. पत्ता गल्लीचा नसतो, ठोकळ्याचा, म्हणजे चारी बाजूंनी रस्ते असलेल्या इमारतींच्या गटाचा असतो. आधी भाग, मग ठोकळ्याचा आकडा, मग इमारतीचा. त्यामुळे पाट्या वाचूनही काही कळेना. शेवटी दारावर लाल दिवा असलेली कोबान दिसली. कोबान म्हणजे नाक्यावरची छोटी पोलीस चौकी. रस्ता विचारायला तिथे जाणं अगदी रोजचं आहे, अवघडून जायचं कारण नाही. मी ‘सुमिमासेन’ (माफ करा) म्हणून माझी चिठ्ठी पुढे केली. पोलिसाने जाड नकाशा उघडला, बोट ठेवून दाखवलं आणि वळणापर्यंत बरोबर आला.

ती चिठ्ठी म्हणजे जपानी लिपीत लिहिलेला घरचा पत्ता. पहिल्याच दिवशी ऑफिसातल्या कुणाकडून लिहून घ्या. कंबरपट्ट्यात एवढं हवं: ही चिठ्ठी, एक हजार येनची नोट, गाडीचं सुइका किंवा पास्मो कार्ड (बऱ्याच यंत्रांतून त्यावर पाणीही मिळतं) आणि ओळखपत्र. परदेशी माणसाने ओळखपत्र जवळ बाळगणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे, पळायला निघालात तरीही. थोड्या दिवसांसाठी गेला असाल तर पासपोर्ट, माझ्यासारखं जास्त राहणार असाल तर निवासाचं कार्ड. घामाने भिजू नये म्हणून ते जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला. ११० पोलिसांचा आणि ११९ रुग्णवाहिकेचा नंबर, हे पाठ करा. आणि एक कायमची खूण लक्षात ठेवा. माझी खूण तोझाई लाइन होती. निशी-कासाईला ती खांबांवरून जाते, डब्यांना आकाशी पट्टा असतो आणि नदीवरही तिचा पूल आहे. कुठेही भरकटलं तरी आकाशी पट्ट्याची गाडी दिसली की तिच्या खालून चालत राहायचं, स्टेशन येतंच.

लाल सिग्नलला थांबा. रस्ता पूर्ण मोकळा असला तरी लोक थांबतात, शाळेतली पोरंही थांबतात. त्यांच्यासमोर आपण धावत ओलांडणं मला बरं वाटलं नाही. तेवढ्या वेळात पोटऱ्या ताणून घ्या.

चढाची माझी अडचण राजवाड्याने निम्मी सोडवली. निशी-कासाईहून तोझाई लाइनने थेट ताकेबाशीला उतरायचं. समोरच सम्राटांच्या राजवाड्याचा खंदक, म्हणजे पूर्वीच्या एदो किल्ल्याचा. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या मला दगडी तटाचं नवल नव्हतं, पण पाण्याने भरलेला एवढा रुंद खंदक आणि त्यात उतरलेलं तटाचं प्रतिबिंब पाहून मी पहिल्या दिवशी पळायचं विसरून उभी राहिले. या खंदकाभोवतीची फेरी साधारण ५ किलोमीटरची आहे आणि पूर्ण फेरीत एकही सिग्नल लागत नाही. पदपथावर दर १०० मीटरला जपानच्या एकेका प्रांताचं फूल कोरलेली फरशी आहे, तिच्यावरून वेग मोजता येतो.

इथे सगळे घड्याळाच्या उलट दिशेने पळतात. तुम्हीही तसंच पळा. देवळाला प्रदक्षिणा घालायची सवय असल्याने पहिल्या दिवशी माझे पाय उजवीकडेच वळत होते. चालणाऱ्यांचा मान पहिला, दोघा-तिघांनी शेजारी-शेजारी पळून वाट अडवायची नाही, अरुंद जागी एकामागे एक. ताकेबाशीपासून चढ सुरू होतो तो हान्झोमोन दरवाजाकडे जाईपर्यंत. घाटाच्या मानाने तो किरकोळ, पण सलग आहे. तिथून साकुरादामोन दरवाजापर्यंत उतार, डावीकडे खाली खंदक आणि हिरवा उतार, सगळ्या फेरीतला हा तुकडा मला सर्वांत आवडायचा. मी रविवारी तीन फेऱ्या घालत असे आणि चढाचा तुकडा मुद्दाम जोरात पळत असे. कामाच्या दिवशी सकाळी मात्र जाऊ नका, तोझाई लाइनची गर्दी दादर-ठाण्याची आठवण करून देते.

सामानासाठी आसपास पैसे भरून लॉकर आणि शॉवर मिळणाऱ्या जागा आहेत. मला त्याहून सेन्तो आवडलं, म्हणजे सार्वजनिक स्नानगृह. साडेपाचशेच्या आसपास येन पडतात, बायका-पुरुष वेगळे, पण आत कपडे घालून जाता येत नाही. पहिल्यांदा मलाही जड गेलं. नियम एकच, आधी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मगच गरम पाण्याच्या टाक्यात उतरायचं. पळून आल्यावर पोटऱ्यांना त्या पाण्याने जो आराम मिळतो, तो घरी बादलीने मिळत नाही.

उरलेला चढ मी पुलावर केला. कासाई पुलाकडे चढत जाणारा रस्ता बुधवारी दहा वेळा वर-खाली. आणि स्टेशनात सरकत्या जिन्याला चार महिने पाय लावला नाही.

मे-जूनमध्ये कावळ्यांपासून जपा. तिथले कावळे आपल्याकडच्यांपेक्षा मोठे, आणि पिल्लं असली की मागून डोक्यावर झडप घालतात. टोपी घाला, झाडावर दोन कावळे ओरडताना दिसले तर दुसऱ्या बाजूने जा. जूनमध्ये पाऊस सुरू होतो तो जुलैच्या मध्यापर्यंत. आपल्या कोकणासारखा कोसळत नाही, चिकचिक करतो. ओले बूट वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवले की सकाळपर्यंत वाळतात. खरा त्रास जुलै-ऑगस्टच्या दमट उकाड्याचा. साताऱ्याच्या हवेतला माणूस त्यात पार गळून जातो. तेव्हा पहाटे पाचच्या आत निघा, वेग विसरा, दर वीस मिनिटांनी पाणी प्या. पेयाची यंत्रं पावलोपावली आहेत, पण कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीत. रिकामी बाटली यंत्राशेजारच्या डब्यात टाका, बाकी सगळं घरी आणा. उष्माघाताला तिथे ‘नेच्चूश्यो’ म्हणतात. टीव्हीवर किंवा फोनवर त्याचा इशारा आला की त्या दिवशी पळायचं नाही. मी दोनदा न ऐकता गेले आणि दुसऱ्यांदा बाकावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन बसले.

खाण्याचं थोडक्यात: निघण्याआधी केळं, आल्यावर दही आणि साताऱ्याहून नेलेले पोहे. शाकाहारी असाल तर दुकानातला भाताचा त्रिकोणी गोळा घेताना नीट विचारा, आत फक्त आंबट आलुबुखार दिसलं तरी मसाल्यात माशाचा अर्क असू शकतो. निशी-कासाईला भारतीय किराणा मिळतो, डाळ-तांदूळ इथून वाहून नेऊ नका.

परतल्यावर पुन्हा घड्याळ उलटं फिरतं. टोकियोतली पहाटे पाचची जाग साताऱ्यात रात्री दीडला येते. पहिले तीन दिवस तशी जाग आली तरी दिवा लावू नका, फोन बघू नका, पडून राहा. घाटाला मी चौथ्या दिवशी हात घातला, तोही चालत.