इलेक्ट्रिक गिटारच्या व्हॉल्यूम आणि टोनसाठी पॉट कसा निवडावा

व्हॉल्यूमचा नॉब दहावर नेला की पॉट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे नॉबखालचा फिरवून बदलता येणारा रोध) संकेताच्या मार्गातून बाजूला झाला, असे अनेक वादक धरून चालतात. प्रत्यक्षात दहावर असतानाही पॉटचा पूर्ण रोध पिकअपच्या (तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणाऱ्या भागाच्या) दोन टोकांमध्ये जोडलेला राहतो आणि पिकअपवर त्याचा भार पडतच असतो. पिकअपच्या वेटोळ्याचे इंडक्टन्स आणि केबलचे कपॅसिटन्स यांच्यामुळे साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या दरम्यान आवाजाला एक उठाव मिळतो, आणि गिटारची धार बरीचशी तिथेच असते. रोध कमी असेल तर हा उठाव दबतो, जास्त असेल तर तो टोकदार होतो.

सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे, पिकअप मुळातच उजळ असल्यामुळे त्यांच्यासोबत २५० किलोओहमचे पॉट वापरण्याची पद्धत आहे, तर तुलनेने जाड आवाजाच्या, दोन वेटोळ्यांच्या हमबकरसाठी ५०० किलोओहमचे वापरतात. ही प्रथा आहे, नियम नव्हे. फेंडरच्या १९५८ सालच्या जॅझमास्टरमध्ये सिंगल कॉइल असूनही मुख्य सर्किटला १ मेगओहमचे पॉट होते, आणि गिब्सनने १९७०च्या दशकात अनेक हमबकर गिटारींना ३०० किलोओहमचे पॉट बसवले. हिशेब करताना टोनचा पॉट विसरू नये. टोन दहावर असताना त्याचा कपॅसिटर उंच स्वरांना जवळपास अडवतच नाही, त्यामुळे त्या पॉटचा रोध व्हॉल्यूमच्या रोधाला समांतर येतो. म्हणजे ५००चे दोन पॉट मिळून पिकअपला सुमारे २५० किलोओहमचा भार दिसतो आणि २५०चे दोन मिळून १२५चा. गिटार थोडी बोथट वाटत असेल, तर पिकअप बदलण्याआधी निव्वळ टोनचा पॉट मोठ्या मूल्याचा लावून पाहणे हा स्वस्त आणि माझ्या मते अधिक शहाणपणाचा उपाय आहे.

एकाच गिटारीत हमबकर आणि सिंगल कॉइल दोन्ही असतील आणि व्हॉल्यूम एकच असेल, तर ५००चा पॉट ठेवून स्विचच्या जोडणीत फक्त सिंगल कॉइल निवडल्यावर ४७० किलोओहमचा एक रोधक समांतर येईल अशी सोय करता येते. तेवढ्या पिकअपपुरता व्हॉल्यूमकडचा भार, टोनचा पॉट न धरता, सुमारे २४२ किलोओहम होतो. बॅटरीवर चालणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपचा विषय वेगळा आहे. त्यांना बहुधा २५ किलोओहमचे पॉट लागतात, आणि तेच पॉट साध्या पिकअपला लावले तर आवाज पार मंद होतो.

पॉटवर छापलेला आकडा मात्र फार मनावर घेऊ नये. गिटारीच्या बहुतेक पॉटना उणे-अधिक २० टक्क्यांची सूट असते, म्हणजे ५००चा पॉट ४०० भरला किंवा ६०० भरला तरी तो सदोष ठरत नाही. या दोन टोकांतला फरक ऐकू येण्याजोगा असतो, म्हणून पॉट बसवण्याआधी मोजावा. मल्टिमीटर रोधावर ठेवून त्याच्या सुया पॉटच्या तीन पायांपैकी बाहेरच्या दोघांना लावल्या की एकूण रोध कळतो. तीन-चार पॉट हाताशी असतील तर सर्वाधिक भरणारा उजळपणा हवा असलेल्या जागी आणि कमी भरणारा ब्रिजजवळच्या (तारांच्या खालच्या आधाराजवळच्या) कर्कश पिकअपसाठी ठेवावा.

मूल्यापेक्षाही हाताला जास्त जाणवतो तो टेपर, म्हणजे नॉब फिरवताना रोध कोणत्या क्रमाने बदलतो ते. लिनिअर पॉटमध्ये तो सारख्या प्रमाणात बदलतो. लिनिअर पॉट मध्यावर आणला तर संकेत निम्मा होतो, म्हणजे केवळ ६ डेसिबलने उतरतो, आणि कानाला ही घट अगदी माफक वाटते. मग उरलेला सगळा उतार शेवटच्या थोड्याशा फिरकीत कोंबला जातो. ऑडिओ टेपरचा पॉट मध्यावर १० ते १५ टक्केच संकेत पुढे पाठवतो, त्यामुळे आवाज कानाच्या सवयीप्रमाणे क्रमाने उतरतो. टोनसाठी मी ऑडिओ टेपरच घ्यावा असे सांगेन, कारण तिथे लिनिअर पॉट दहापासून तीनपर्यंत फिरवूनही फारसे काही बदलत नाही आणि त्याखाली सगळे एकदम घडते. व्हॉल्यूमच्या बाबतीत प्रश्न वादनशैलीचा आहे. विकृत आवाजाचा अ‍ॅम्प्लिफायर नॉबने हळूहळू स्वच्छ करत नेणाऱ्यांना लिनिअर पॉट अधिक आवडू शकतो.

आज सहसा ‘ए’ म्हणजे ऑडिओ आणि ‘बी’ म्हणजे लिनिअर असे छापतात, पण काही जुन्या युरोपीय पॉटवर ही अक्षरे उलट अर्थाने येतात. शंका असेल तर नॉब मध्यावर ठेवून मधल्या पायापासून दोन्ही बाजूंचा रोध मोजावा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर पॉट लिनिअर आहे. एक आकडा दुसऱ्याच्या काही पटींनी लहान आला तर ऑडिओ.

मापे घेणेही आवश्यक आहे. इंची पद्धतीच्या पूर्ण आकाराच्या पॉटला सुमारे साडेनऊ मिलिमीटरचे भोक लागते, तर लहान मेट्रिक पॉट ७ किंवा ८ मिलिमीटरच्या भोकात बसतात. लेस पॉलसारख्या जाड लाकडी पृष्ठभागासाठी लांब मानेचा पॉट घ्यावा, पिकगार्डवर (गिटारच्या दर्शनी बाजूच्या पातळ पट्टीवर) बसणाऱ्यासाठी आखूड मानेचा पुरेसा आहे. दांड्यावरचे दातेही जुळले पाहिजेत: इंची दांड्याला २४ बारीक दाते असतात आणि मेट्रिक दांड्याला बहुधा १८, त्यामुळे एकाचा नॉब दुसऱ्यावर ठोकून बसवू नये. ओढून चालू होणारा पुश-पुल पॉट बराच खोल असतो, म्हणून आधी पोकळीची खोली मोजावी.

व्हॉल्यूम उतरवताना उंच स्वर हरवतात ही तक्रार ५००च्या पॉटबाबत अधिक येते, कारण मध्यंतरीच्या स्थितीत पॉटचा स्वतःचा रोध १२५ किलोओहमपर्यंत जातो आणि केबलच्या कपॅसिटन्ससोबत उंच स्वर गाळू लागतो. अशा वेळी पॉटच्या आत येणाऱ्या पायापासून मधल्या पायापर्यंत १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलोओहमचा रोधक जोडतात. त्याने टेपरही थोडा बदलतो, म्हणून कायमचा डाग देण्याआधी हे दोन्ही भाग चिमट्याच्या तारांनी जोडून वाजवून पाहावे.