जेल बेल्टमध्ये, पोट रिकामं: मॅरेथॉनमध्ये सामान नेताना या चुका टाळा

माझी पहिली मॅरेथॉन संपल्यावर कमरेचा खिशांचा बेल्ट काढला, तर त्यात तीन जेल (धावताना ताकदीसाठी खायच्या घट्ट, गोड रसाची छोटी पाकिटं) जशीच्या तशी निघाली. नेली होती सहा. शेवटचे दहा किलोमीटर मी जवळजवळ चालत काढले होते आणि जे पोटात हवं होतं ते माझ्याच कमरेला मागे लटकत होतं. विसरलो होतो असंही नाही. पण बत्तिसाव्या किलोमीटरला हात मागे न्यायचा, घामट बोटांनी चेन उघडायची, चाचपून पाकीट काढायचं आणि दातांनी फाडायचं, एवढा उत्साहच उरला नव्हता. ‘पुढच्या पाण्याच्या टेबलाला घेऊ’ म्हणता म्हणता फिनिश लाइन आली.

तेव्हापासून प्रत्येक वस्तूला मी एकच प्रश्न विचारतो: थकलेल्या, चिकट हाताला ही न थांबता, न बघता सापडेल का? नसेल सापडणार, तर ती घरी राहिलेली बरी.

दुसऱ्याच्या हिशोबाने जेल मोजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. तीन तासांत मॅरेथॉन पुरी करणारा मित्र चार-पाच जेल नेतो, म्हणून साडेचार तास लागणाराही तेवढीच नेतो. अंतर दोघांना ४२.१९५ किलोमीटरच असलं, तरी खाण्याचा हिशोब तासावर चालतो. धावताना ताशी ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट घ्यावं, असं साधारण मार्गदर्शन आहे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकत्र असलेली उत्पादनं वापरून पोटाला सवय लावली असेल, तर ९० ग्रॅमपर्यंतही जाता येतं.

ताशी ५० ग्रॅम धरू. २५ ग्रॅमचं एक जेल दर अर्ध्या तासाला. साडेचार तासांच्या धावेत पहिलं ३० व्या मिनिटाला आणि शेवटचं चौथा तास संपताना, म्हणजे आठ जेल झाली. त्यानंतरच्या अर्ध्या तासात घेतलेल्याचा फारसा उपयोग होत नाही. घड्याळात ३० मिनिटांचा अलार्म लावून टाका, कारण मध्यानंतर डोकं बेरीज-वजाबाकी करत नाही. पाकिटामागचे आकडेही वाचा. कुठल्या जेलमध्ये २० ग्रॅम असतात, कुठल्यात ४०. ‘सहा जेल’ म्हणजे किती, हे ते वाचल्याशिवाय कळत नाही.

‘रस्त्यात स्पोर्ट्स ड्रिंक मिळतंच की’ हा यावरचा नेहमीचा बचाव. मिळतं, पण त्यात १०० मिलिलीटरला साधारण ६ ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं. एका जेलची बरोबरी करायला ४०० मिलिलीटर पोटात जायला हवं. धावत धावत कपातून प्यायलेलं निम्मं तर छातीवरच सांडतं. शिवाय स्पर्धेत कुठलं पेय असणार आहे आणि ते तुमच्या पोटाला चालतं का, हे आधी माहीत हवं.

आणि हो, केनियाचा नामवंत मॅरेथॉनपटू एलियुड किपचोगे याचे हात रिकामे असतात म्हणून आपणही मोकळं धावू, हा विचार सोडा. २०१८ मध्ये त्याने बर्लिनला २:०१:३९ चा तेव्हाचा जागतिक विक्रम केला. त्या दर्जाच्या धावपटूंच्या स्वतःच्या बाटल्या आयोजकांच्या टेबलांवर आधीच ठेवलेल्या असतात. आपली बाटली तिथे कोणी ठेवत नाही.

बेल्ट कमरेवर बांधणं

‘बेल्ट फार उडतो’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या दहातल्या आठांनी तो पॅन्टच्या पट्ट्यासारखा, पोटाच्या मऊ भागावर बांधलेला असतो. तो खाली, कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर टेकवून बांधा. उभ्या उभ्या किंचित घट्ट वाटेल इतपत आवळा, कारण घामाने इलॅस्टिक भिजलं की ते सैल होतं. फोनसारखी जड वस्तू बरोबर मध्यभागी, पाठीच्या कण्यावर किंवा बेंबीखाली ठेवा. ती एका बाजूला असेल तर बेल्ट फिरत फिरत तिकडेच घसरतो.

तरीही उडत असेल तर वजन बघा. ४० ग्रॅमची आठ पाकिटं म्हणजे ३२० ग्रॅम, वर दोनशेच्या आसपासचा फोन. अर्धा किलो कमरेला हलणारच. अशा वेळी विभागणी करा: चार जेल बेल्टमध्ये पुढच्या बाजूला, दोन शॉर्ट्सच्या मांडीवरच्या खिशांत, सुरुवातीची दोन हातात किंवा ग्लोव्हमध्ये. आधी संपणारं वजन हातात, शेवटी लागणारं सगळ्यात सोप्या खिशात. लोक नेमकं उलटं करतात. दहाव्या किलोमीटरला हात कुठेही पोचतो, पस्तिसाव्याला नाही.

पाकीट सेफ्टी पिनने कमरपट्टीला अडकवण्याची युक्ती चांगली आहे, पण पिन वरच्या बंद पट्टीतून घाला, जेलच्या भागातून नाही. ओढलं की पट्टी पिनला राहते आणि पाकीट उघडूनच हातात येतं. नीट जमेपर्यंत एकदोनदा मांडीवर जेल सांडेल, ते सरावाच्या दिवशी सांडू दे.

बेल्टच्या कडेखाली, काखेत आणि खिशाची शिवण घासते तिथे व्हॅसलीन लावा. हे विसरलं तर आंघोळीच्या पहिल्या तांब्याला आठवतं.

हातात बाटली आहे म्हणून पीत राहणं

पाणी सोबत असण्याचा एक छुपा तोटा आहे: तहान नसतानाही माणूस घोट घेत राहतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्पर्धा संपवलेल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम (मिठातला घटक) धोक्याच्या रेषेखाली गेलेलं आढळलं. धावताना ज्यांचं वजन वाढलं होतं, म्हणजे घामापेक्षा पाणी जास्त झालं होतं, आणि ज्यांना चार तासांहून अधिक लागले होते, त्यांच्यात हे जास्त दिसलं. मळमळ, डोकेदुखी, हाताच्या अंगठ्या घट्ट होणं, गोंधळल्यासारखं वाटणं अशी लक्षणं दिसली तर ‘पाणी कमी पडलं’ समजून आणखी पिऊ नका, वैद्यकीय मदत घ्या. मिठाच्या गोळ्या घेतल्या म्हणून हवं तेवढं पाणी प्यायची मुभा मिळत नाही.

मोठ्या स्पर्धांत साधारण दर पाच किलोमीटरला किंवा त्याहून कमी अंतरावर पाणी असतं. तिथे पूर्ण मार्गभर अर्धा लिटर वाहून नेण्यात अर्थ नाही. माझी सोय अशी: २५० मिलिलीटरची छोटी बाटली फक्त पहिल्या आठ-दहा किलोमीटरला, टेबलांवरची झुंबड टाळण्यासाठी. रिकामी झाली की कचऱ्याच्या डब्यात. बाटली एकाच हातात धरून ठेवू नका, खांदा आखडतो.

हायड्रेशन व्हेस्ट (पाण्याच्या बाटल्यांचे खिसे असलेलं जाकीट) घालणार असाल तर मऊ बाटली भरल्यावर उलटी धरून आतली हवा ओढून घ्या. तो ‘डुचुक डुचुक’ आवाज हवेमुळे येतो. आणि व्हेस्ट विकत घेण्याआधी स्पर्धेचे नियम वाचा. २०१३ च्या स्पर्धेत झालेल्या बॉम्बस्फोटांनंतर बोस्टन मॅरेथॉनने बॅगा आणि पाठीवरच्या पिशव्यांवर बंदी घातली. इतरही काही स्पर्धा व्हेस्टला परवानगी देत नाहीत, आणि हे स्टार्ट लाइनपाशी कळण्यात काही मजा नाही.

जेल कशासोबत गिळायचं

साध्या पाण्यासोबत. घट्ट जेलवर स्पोर्ट्स ड्रिंक प्यायलं की पोटात साखरेचा पाक तयार होतो, मग कळा आणि शौचालयाचा शोध. म्हणून अलार्म वाजला की टेबल किती लांब आहे ते बघा. दोन-चार मिनिटांवर असेल तर थांबा, टेबल दिसू लागलं की पाकीट फोडा. कॅफिनची जेल वेगळी ओळखून ठेवा. काहींत २५ मिलिग्रॅम असतं, काहींत १००, आणि एकामागोमाग तीन घेतली तर हृदयाचे ठोके उगाच वाढतात. एक्स्पोमध्ये (स्पर्धेआधीच्या प्रदर्शनात) फुकट मिळालेलं नवं जेल स्पर्धेच्या दिवशी खिशात घालणाऱ्याला मी काही सांगत नाही, त्याचं पोटच सांगेल.

किरकोळ, पण नडणारं

मिठाच्या कॅप्सूल सुट्या ठेवल्या तर घामाने विरघळून एकमेकींना चिकटतात. छोट्या झिप पाऊचमध्ये ठेवा, पण ते पाऊच ओल्या बोटांनी उघडतं का ते घरी बघा. फोनलाही पाऊच हवं. थंडीत जेल घट्ट होतं, अंगालगत ठेवा. उन्हात च्यूज (चघळायच्या गोड गोळ्या) वितळून गोळा होतात. गाडीची एकच किल्ली न्या, गुच्छ नको. बिबच्या, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कागदाच्या, मागे रक्तगट, ॲलर्जी, घरच्यांचा नंबर लिहा. फोन लॉक असला तरी कागद वाचता येतो.

या सगळ्याची तालीम एकदा तरी २५-३० किलोमीटरच्या लाँग रनला करा, तेच कपडे, तेवढीच पाकिटं घेऊन. दोन जेल घेऊन केलेल्या सरावावरून आठ जेलचा बेल्ट कसा वागेल ते कळत नाही.

रस्त्यातच बिघडलं तर

जेल पडलं? गर्दीत मागे वळू नका, मागचा माणूस अंगावर येईल. पुढच्या दोन-तीन टेबलांवर पाण्याऐवजी स्पोर्ट्स ड्रिंक घ्या, पूर्ण कप, चालत. एक जेल चुकलं म्हणून पुढच्या वेळी दोन एकदम गिळू नका. अंतर ३० ऐवजी २० मिनिटांवर आणा.

जेल पाहूनच उमासे येऊ लागले तर वेग थोडा उतरवा. जोरात धावताना पोटाचा रक्तपुरवठा घटतो, म्हणून ते नकार देतं. पाच-सात मिनिटं सावकाश धावा, पाण्याचा घोट घ्या, मग पाकीट फोडून एकदम न संपवता दोन किलोमीटरभर हातात धरून थोडं थोडं चाटा. हात चिकट होतील, होऊ देत. पुढच्या टेबलाला धुता येतात.