संध्याकाळची चिठ्ठी सकाळीच लिहा

दारू सोडल्यावर दिवस कसाही निघतो, पंचाईत होते ती संध्याकाळी. हात मोकळे, डोकं रिकामं, आणि काय बघू हे मोबाइलवर शोधण्यातच अर्धा तास जातो. तलफ नेमकी तेवढ्यात गाठते.

म्हणून निवड सकाळीच उरकून टाकायची.

१. चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहा: एक वाचायची, एक बघायची, एक ऐकायची. दहा लिहिल्यात तर पुन्हा निवडत बसाल.

२. पुस्तक प्रकरण संपल्यावर मिटू नका. ऐन रंगात आलेल्या पानावर थांबा आणि तसंच उशीपाशी पालथं ठेवा. (कणा मोडतो म्हणून ओरडणारे ओरडू देत.) मालिकेचा भागही अर्ध्यावर सोडा. पुढे काय झालं असेल, ही चुटपुट संध्याकाळी कामाला येते.

३. तलफेची लाट बहुधा १५ ते ३० मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ भरून काढेल अशी एखादी कथा किंवा छोटा भाग चिठ्ठीत हवाच.

४. झालं की तुमच्यासारखंच सोडलेल्या मित्राला दोन ओळी पाठवा. नुसतं 'छान आहे' नको. 'म्हातारा तिसऱ्यांदा बस चुकवतो तिथे हसून पोट दुखलं' असं काहीतरी. त्याच्या उद्याच्या चिठ्ठीची सोय होते, आणि तोही काहीतरी सुचवतोच.

एक जपा: ज्यात पात्रं उठसूट ग्लास भरतात असे सिनेमे सुरुवातीचे काही महिने नकोत. आधी बघितलेल्या कुणाला तरी विचारून घ्या.