पोत्यातलं बी थेट चाड्यात ओतू नका

उत्तरा नक्षत्र निम्मं सरलं. येत्या आठ-दहा दिवसांत सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारीच्या कुऱ्या, म्हणजे पेरण्या, सुरू होतील आणि दरवर्षीसारखं मालदांडी वाणाचं घरचं बी पोत्यातून पाटीत, पाटीतून चाड्यात (पाभरीच्या बी टाकायच्या वाटीत) जाईल. मधे काहीच नाही. खत कुठलं, टॉनिक कुठलं यावर पारावर तासभर खल होतो, बियाला मात्र कुणी हात लावत नाही. म्हणून आज बियाचंच लिहितो. बाकीचं खाली उरकलंय.

२०२३ साली करमाळा, माढा, बार्शी, सांगोला, माळशिरस हे तालुके दुष्काळी जाहीर झाले. त्या रब्बीत एका बांधाच्या दोन बाजू मी पाहिल्या. रान सारखं, पेर एकाच दिवसाची. अलीकडं ओळी सलग उठल्या होत्या. पलीकडं हातभर रोपं, मग दोन हात मोकळं. मोकळ्या जागी उकरलं तर बी सापडलं. फुगलेलं, इवलंसं मूळ काढून तिथंच वाळलेलं. अलीकडच्यानं बी भिजवून, सुकवून पेरलं होतं. पलीकडच्यानं नाही. त्याची दुबार पेर उशिरा पडली आणि तिच्यावर खोडमाशी बसली. पोंगा (रोपाचा मधला कोंब) ओढला की अलगद हातात यायचा, बुडाला कुजका वास.

आपली रब्बी ज्वारी वरच्या पावसावर कमी आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर जास्त येते. ती ओल रोज थोडी थोडी खाली सरकते. बी रानात पडल्यावर पहिला वेळ नुसता पाणी पिण्यात जातो, तोवर वरचा थर वाळतो. तेच पाणी घरी पाजलं तर दाण्याच्या आतलं काम सुरू होतं. सुकवलं की ते तिथंच थांबतं आणि रानात ओल लागली की तिथून पुढं चालतं. कोंब लवकर वर येतो, मूळ ओलीच्या मागं लागतं. एकराला बी ४ किलो, भिजवायला पाणी अडीच-पावणेतीन लिटर. टँकरच्या गावातसुद्धा एवढं पाणी घरात निघतं.

आधी बी तोला. साध्या पाण्यात टाकून तरंगतं ते पोचट काढून फेका आणि उरलेलं पुन्हा ४ किलो भरेल एवढं धरा. मग २.६ लिटर पाण्यात ५२ ग्रॅम ००:५२:३४ विरघळवा, म्हणजे लिटरला २० ग्रॅम, आणि त्यात बी १६ तास भिजवा. ही तमिळनाडू कृषी विद्यापीठाची ज्वारीची मात्रा. ००:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. डाळिंबवाल्या शेजाऱ्याकडं अर्धी पिशवी पडलेली असतेच, वाटीभर मागून आणा. नाही मिळालं तर नुसत्या पाण्यात १० तास. मला विचाराल तर निम्म्याहून जास्त गुण पाण्याचाच आहे. हा माझा रानातला अंदाज, प्रयोगशाळेतला नव्हे.

भिजवण्यापर्यंत सगळे नीट करतात. सुकवताना माती खातात. भिजलेलं बी सावलीत, वाऱ्याला, जुन्या सोलापुरी चादरीवर पातळ पसरा. उन्हात नको, तापल्या पत्र्यावर तर नकोच. अधूनमधून हात फिरवा. तोलून पुन्हा ४ किलोच्या जवळ येईपर्यंत वाळवा. ढगाळ असेल तर दोन दिवसही लागतील. तागडी नसली तर दाणा दाताखाली धरा. कटकन फुटला तर झालं, चेंबटला तर अजून ओल आहे. ओलं बी पाभरीच्या नळ्यात अडकतं, आणि ओळ उगवेपर्यंत ते कळत नाही.

वेळेचं भान ठेवा. एका वर्षी मी संध्याकाळी बी भिजवलं आणि सकाळी बाजाराला गेलो. तिकडंच मुक्काम पडला. आलो तर पाटीत मटकीसारखे मोड. मोड आलेलं बी वाळवलं की मरतं. ते जनावरापुढंही टाकू नका, ज्वारीच्या कोवळ्या मोडात विष असतं. मी उकिरड्यात पुरलं.

बी वाळल्यावर याच क्रमानं लावा:
– काणी रोगासाठी ३०० मेश (बारीक भुकटी) गंधक, किलोला ४ ग्रॅम
– खोडमाशीसाठी थायामेथोक्झाम ३० एफएस, किलोला १० मिली (हातमोजे घालून)
– शेवटी, पेरायच्या सकाळी, गुळाच्या पाण्यातून ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी किलोला २५ ग्रॅम

एकराचं गंधक होतं १६ ग्रॅम. त्याचे किती पैसे होतात ते दुकानात विचारा, आणि मग तोच दुकानदार ‘दुष्काळातही पीक उभं राहतं’ म्हणून जी बाटली पुढं करतो तिची किंमत विचारा. मागं एक मीही घेतली होती. उघडली तर काकवीचा वास, रंगही तसाच, आणि ओळीत फरक शून्य. बाटलीवर घटक, पीक आणि किलोची मात्रा छापलेली नसेल तर परत ठेवा. पिशवीतलं रंग लावलेलं बी मात्र भिजवू नका, लावलेलं औषध धुऊन जातं.

भिजवलं म्हणून कोरड्या फुफाट्यात पेरायचं धाडस नको. बी पडतं त्या खोलीवरची माती मुठीत दाबा. गोळा झाला पाहिजे. झाला नाही तर हस्त नक्षत्राच्या पावसाची वाट बघा. सांगोल्याच्या हलक्या रानात थांबायला जागा कमी, मंगळवेढ्याच्या काळ्या रानात जास्त.

इतर पिकं: हरभरा रात्रभर (८ तास) भिजवून वरचं पाणी निथळलं की लगेच पेरा, ट्रायकोडर्मा किलोला ५ ग्रॅम, रायझोबियम २५ ग्रॅम. सोयाबीन भिजवू नका, दाणा उकलतो.

ज्वारीची नेहमीची कामं:
– पेर १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, ४५ × १५ सेंटिमीटर, खोली ५ सेंटिमीटर
– वाण: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा
– मध्यम कोरडवाहू रानाला हेक्टरी ४० किलो नत्र, २० किलो स्फुरद, पेरतानाच
– विरळणी १०-१२ दिवसांनी
– कोळपणी ३, ५ आणि ८ आठवड्यांनी, शेवटची दातेरी कोळप्यानं

पाऊस आला आणि वाफसा (पेरण्याजोगी ओल) लांबला तर वाळलेलं बी कापडी पिशवीत खुंटीला टांगा, प्लास्टिकच्या पोत्यात कोंबू नका. माझ्याकडं चार-पाच दिवस चांगलं राहिलंय, त्यापुढचा भरवसा मी देत नाही. तेवढं थांबावं लागलं तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा. ७५ च्या खाली उगवले तर बी बदला.