रुखवतासाठी बिस्किटांचा पुष्पगुच्छ

रुखवतात लाडू, करंज्या आणि सजवलेल्या नारळांशेजारी बिस्किटांच्या फुलांचा गुच्छ मांडायचा असेल, तर एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी: हा गुच्छ फसतो तो बहुधा वजनामुळे आणि दमटपणामुळे, नक्षीमुळे क्वचितच. मी केलेला पहिला गुच्छ सीमांतपूजनाच्या संध्याकाळी टेबलावर आडवा झाला होता. नथीचे मोती सुरेख जमले होते, पण खालचे भांडे हलके होते.

अकरा फुलांच्या गुच्छासाठी पंधरा बिस्किटे करावीत, कारण दोन-तीन मोडतातच. त्यासाठी ३५० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम बिनमिठाचे मऊ बटर, १२५ ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा वेलचीपूड आणि लागेल तसे दोन ते तीन मोठे चमचे दूध घ्यावे. बटर आणि साखर एकजीव होईपर्यंतच फेटावी. फार फेटल्यास हवा भरते आणि भाजताना फुलाच्या पाकळ्या पसरून एकमेकींत मिसळतात. याच कारणाने बेकिंग पावडर अजिबात घालू नये. नानकटाईचे पीठ आपल्या हातचे असले तरी ते येथे उपयोगाचे नाही, कारण तिचा खुसखुशीतपणा काडीवर उभ्या राहणाऱ्या बिस्किटाला मारक ठरतो.

पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून दोन बटर पेपरांमध्ये ८ मिलिमीटर जाड लाटावे. ही जाडी खाण्याच्या दृष्टीने थोडी जास्त वाटते, परंतु त्याहून पातळ बिस्किटात काडी शिरताना पीठ फाटते. साधारण ८ सेंटिमीटर व्यासाची फुले कापून घ्यावीत. बांबूच्या २० सेंटिमीटरच्या काड्यांची टोके आधी छाटावीत, कारण गुच्छातली बिस्किटे शेवटी मुलांच्याच हाती जातात. मग काड्या अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात, म्हणजे ओव्हनमध्ये करपत नाहीत. बिस्किटावर एक हात अलगद ठेवून दुसऱ्या हाताने काडी फिरवत फिरवत मध्यापलीकडे न्यावी. ती वरून किंवा खालून डोकावल्यास त्या जागी पिठाचा छोटा तुकडा दाबून बसवावा. पंधरा मिनिटे पुन्हा गार करून १७० अंश सेल्सिअसला, कडा फिकट सोनेरी होईपर्यंत, म्हणजे सुमारे १५ ते १८ मिनिटे भाजावे. पूर्ण गार होण्याआधी काडीला धरून एकही बिस्कीट उचलू नये.

रुखवत पाहायला येणाऱ्यांत अंडे न खाणारी मंडळी असतातच, त्यामुळे आयसिंगसाठी अंड्याच्या पांढऱ्याऐवजी काबुली चणे बिनमिठाचे शिजवून उरलेले पाणी वापरावे. हे पाणी आटवून थंड केले की अंड्याच्या पांढऱ्यासारखेच फेसाळते. ४०० ग्रॅम चाळलेल्या आयसिंग शुगरमध्ये ते चार मोठे चमचे आणि लिंबाच्या रसाचे काही थेंब घालून फेटावे. कडेच्या रेषेसाठी मिश्रण टूथपेस्टइतके घट्ट हवे. आतला भाग भरण्यासाठी ते थेंब थेंब पाणी घालून इतके सैल करावे की सुरीने ओढलेली रेघ दहा-पंधरा सेकंदांत मिटून जाईल. रंग जेलचेच घ्यावेत. कुंकवाचा लाल आणि बांगड्यांचा हिरवा हे रंग वाळल्यावर गडद होतात, म्हणून ते हव्या त्या छटेच्या किंचित आधीच थांबवावेत.

नक्षीसाठी चाफा सर्वांत सोपा आहे: पांढऱ्या पाच पाकळ्या आणि त्या ओल्या असतानाच मध्यातून बाहेर ओढलेला पिवळा रंग. झेंडूला मात्र घट्ट आयसिंगची वर्तुळे बाहेरून आत एकावर एक द्यावी लागतात. मधल्या तीन बिस्किटांवर नथ, मुंडावळ्या आणि वधूवरांच्या नावांची आद्याक्षरे काढली, तरच हा गुच्छ लग्नाचा वाटतो; एरवी तो वाढदिवसालाही चालला असता.

रंगवलेली बिस्किटे पंख्याखाली किमान बारा तास आडवी वाळू द्यावीत. मुंबईत किंवा कोकणात, विशेषतः पावसाळी हवेत, पूर्ण दिवस धरावा. फ्रिजमध्ये ती कधीही ठेवू नयेत, कारण बाहेर काढताच त्यांना पाणी सुटते आणि लाल रंग पांढऱ्यात उतरतो. लग्नाच्या चार दिवस आधी भाजणे, तीन दिवस आधी रंगवणे आणि दोन दिवस आधी प्रत्येक बिस्कीट पारदर्शक पिशवीत घालून काडीशी रिबीन बांधणे, असा क्रम ठेवावा. पिशवीमुळे मुंग्यांचाही प्रश्न मिटतो.

तळासाठी पितळेचे छोटे, रुंद तोंडाचे घंगाळ घ्यावे. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि वजनाच्या दृष्टीनेही ते कुचकामीच आहे. त्याऐवजी दीड-दोन किलो मळलेली शाडूची माती बटर पेपरमध्ये गुंडाळून घंगाळात घट्ट बसवावी आणि मध्यभागी तिला उंचवटा द्यावा. कार्यालयात घंगाळ वेगळे आणि बिस्किटे डब्यात आडवी ठेवून न्यावीत. तेथे आधी मागच्या उंच काड्या, मग मधल्या आणि शेवटी कापून आखूड केलेल्या पुढच्या काड्या खोचाव्यात. माती दिसू नये म्हणून भोवती कोरडी पुसलेली आंब्याची पाने लावावीत. ताजा मोगरा सुंदर दिसत असला तरी त्याचा ओलावा पिशवीच्या गाठीतून आत शिरतो.