अक्षर आधी, चित्र नंतर: एका अक्षराची चित्रकोडी कशी सोडवायची

ग्रुपवर ‘क’ची शीट पडली की बहुतेक जण काय करतात, फोटो झूम करतात आणि एकेका चित्राकडे टक लावून बसतात, हे काय असेल बरं, हे काय असेल बरं. तिथेच वेळ जातो. ही कोडी उलट्या बाजूने धरायची असतात, आधी अक्षर तोंडात घोळवायचं आणि मग चित्र बघायचं. एवढं एक जमलं तरी बरीच शीट सुटते, बाकीच्या युक्त्या खाली सांगतेच.

ज्यांनी कधी खेळलंच नाही त्यांच्यासाठी पटकन: कोणीतरी एका फोटोत पंधरा-वीस छोटी चित्रं नाहीतर इमोजी टाकतं, वर एक अक्षर लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक उत्तर त्याच अक्षराने सुरू झालं पाहिजे. ठरलेल्या वेळात नंबर टाकून उत्तरं लिहायची, ज्याची जास्त बरोबर तो जिंकला. फेसबुकवर पण चालतं, ॲप पण असतात, पण इंदूरच्या मराठी घरांत याचा खरा अड्डा म्हणजे व्हॉट्सॲपचा फॅमिली ग्रुप, ज्यात इथल्याच राजेंद्रनगरची मावशी पण असते, पुण्याची आत्या पण आणि बंगलोरला नोकरी करणारा भाचा पण, आणि जेवणं उरकली की सगळे फोन घेऊन बसतात.

तर आता अक्षर आधी म्हणजे काय, तर सरळ बाराखडी म्हणायची. मोठ्याने म्हटली तर अजून चांगलं, घरचे हसले तर हसू देत. समजा क च्या शीटमध्ये एक चित्र आहे, भोकं भोकं असलेला पत्रा आणि वर दांडी. नुसतं बघत बसलात तर चाळणी, गाळणी, झारा असं सगळं स्वयंपाकघर डोक्यात येऊन जातं आणि एकही क चं नसतं. आता चित्रावर नजर ठेवून क, का, कि असं म्हणा, कि वर आलात की किसणी आपोआप बाहेर पडते. असंच पिवळसर, फुगीर, कडेला नक्षी कापलेलं काहीतरी असेल तर क का कि की कु कू के कै को कौ कं असं एकदा पूर्ण फिरून या, नाही सापडलं तर परत क पासून हळू फिरा, यावेळी पुढचा आवाजही जोडत जा, कच कट कड कण कर, आणि कर वर थांबलात की करंजी. वेळ लागतोय असं वाटतं पण लागत नाही, टक लावून बघण्यात याच्यापेक्षा जास्त जातो.

इंदूरकरांची अडचण मात्र वेगळीच आहे. आपण दिवसभर बाहेर हिंदी बोलतो, त्यामुळे चित्र दिसलं की पहिला शब्द हिंदीतच येतो. कुलूप दिसलं की ताला, किल्ली दिसली की चाबी, कणीस दिसलं की भुट्टा. ज्याने सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, उभं राहून रात्री बारा वाजता भुट्ट्याचा कीस खाल्लाय त्याला कणीस हा शब्द पटकन कसा आठवणार, सांगा. कलिंगडाचं तर विचारूच नका, डोकं तरबूजवर जाऊन बसतं, मग त मध्ये अडकलेला माणूस क कडे येतच नाही. याच्या उलट काही चित्रं आपल्याला फसवून खूश करतात, भोपळा दिसला की कद्दू, कासव दिसलं की कछुआ, कंगवा दिसला की कंघी, कावळ्याला कौआ, सगळी क चीच! लिहून मोकळे होतात लोक आणि मग पुण्याची आत्या म्हणते हे मराठी नाही, आणि ती बरोबर असते. म्हणून खेळ सुरू व्हायच्या आधीच विचारून घ्या, हिंदी चालणार का. माझं मत विचाराल तर हिंदी चालवून घेऊ नये, पण कुकर, कॅमेरा, कप असले रोजचे इंग्रजी शब्द घ्यावेत, कारण ते सोडून घरात दुसरं काही कोणी म्हणतच नाही. आणि चित्र बघून हिंदी शब्द आलाच तर तो ढकलून द्यायच्या भानगडीत पडू नका, तो जाईपर्यंत पुढचं चित्र बघा, परत आलात की मराठी शब्द बसलेला असतो तिथे.

हिंदीचं मिटलं तरी अजून दोन-तीन गोष्टी सुरुवातीलाच विचारून घ्यायच्या, नाहीतर शेवटी खेळ कमी आणि वाद जास्त. एक, अख्खी बाराखडी चालते का. बहुतेक ठिकाणी चालते, पण काही जण कडक असतात, त्यांना कानामात्रा नसलेलाच क लागतो, म्हणजे कमळ, कढई बरोबर आणि कासव, कुऱ्हाड बाद. दोन, जोडाक्षरं. त्रिशूळ त मध्ये आणि क्रिकेट क मध्ये याला कोणी हरकत घेत नाही, पण क्ष आणि ज्ञ शाळेच्या तक्त्यात शेवटी वेगळी बसलेली असतात, म्हणून ती क मध्ये आणि ज मध्ये घेऊ नयेत असं मला वाटतं. तीन, देवनागरीतच लिहायचं की इंग्रजी स्पेलिंग चालेल. मी तर म्हणते देवनागरीच, कारण इंग्रजीत लिहिलं की त आणि ट एकच दिसतात आणि अक्षराच्या खेळात अक्षरच कळत नसेल तर काय उपयोग.

काही शीटमध्ये चित्राखाली रिकाम्या जागा दिलेल्या असतात, जितक्या रेघा तितकी अक्षरं. मोजायचं कसं, तर मात्रेसकट एक अक्षर एक, जोडाक्षर पण एकच, आणि अनुस्वार मोजायचा नाही. म्हणजे कासव तीन, कंदील तीन, कुऱ्हाड पण तीनच, कोथिंबीर चार, कढीपत्ता चार. हिरवी पानं दिसली आणि चार रेघा असल्या तर मात्र परत फसायला होतं, कारण ही दोन्ही चारचीच, तिथे पानाची कड बघा, कातरलेली की साधी.

आता जोड-चित्रं, ही मला सगळ्यात आवडतात. कोल्हा आणि शेजारी पुराचं पाणी म्हणजे कोल्हापूर. कान आणि पूर, कानपूर. म च्या शीटमध्ये शंकर आणि शेजारी मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, महेश आणि वर, महेश्वर. लग्नाचा मांडव आणि किल्ला, मांडवगड. इथे एक लक्षात ठेवायचं, अक्षराचं बंधन फक्त पहिल्या चित्राला असतं, दुसरं कुठल्याही अक्षराचं असू शकतं. म्हणून पहिल्याचं नाव अक्षरावरून पक्कं करा आणि दुसऱ्याची चारपाच नावं पटापट लावून बघा, पाणी, लाट, नदी, पूर, कुठलं तरी बसतंच. थोडं ओढूनताणून पण चालतं, राजा आणि बटाटेवडा दाखवून राजवाडा म्हणणारे लोक आहेत आणि आपण ते हसत मान्य करतो.

आणि जेव्हा चित्र अगदी सोपं असतं पण अक्षर जुळतच नाही, तेव्हा काय? समोर ढळढळीत सूर्य आहे आणि शीट भ ची. अशा वेळी शब्द आठवू नका, घरातल्या आणि कॉलनीतल्या माणसांची नावं आठवा. भास्कर. द असेल तर दिनकर, अ असेल तर आदित्य. कमळ दाखवलं आणि अक्षर प, पंकज, स असेल तर सरोज, न असेल तर नीरज, र असेल तर राजीव, ही सगळी कमळंच आहेत. वाऱ्याची झुळूक काढली असेल तर पवन, समीर, अनिल बघा. जुन्या पिढीला हे पटकन सुचतं, म्हणून अशा चित्रांवर सासूबाईंना विचारणं म्हणजे चीटिंग नाही असं आमच्याकडे मानतात. गणपतीचं पण तसंच, ग चा गणपती सगळ्यांना येतो, पण ल ला लंबोदर, ह ला हेरंब, ए ला एकदंत, आणि शीट बनवणारा इंदूरचा असेल तर ख ला खजराना आणि ब ला बडा गणपती, ही इथली गणपतीची देवळं, पण निघू शकतात! हातावर शिवलिंग घेतलेल्या अहिल्याबाईंचा फोटो अ मध्ये असला तर प्रश्नच नाही, पण म मध्ये असला तर महेश्वर, त्यांची राजधानी, आणि द मध्ये असला तर देवी अहिल्या लिहायचं, आपल्या विमानतळाला आणि युनिव्हर्सिटीला ते नाव आहेच की.

एका चित्राची दोन उत्तरं निघतात तिथे काय करायचं हे पण आधी ठरवा. माठ म्हणजे पाण्याचा पण आणि भाजीचा पण, तिथे उत्तर एकच येतं म्हणून वाचतो. पण इमोजीत वेगळीच गंमत होते, कारण एकच इमोजी वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर वेगळा दिसतो. पिस्तुलाचा इमोजी ॲपलने 2016 मध्ये बदलून रंगीत वॉटरगन केला, मग 2018 मध्ये गूगल, सॅमसंग वगैरे बाकीच्यांनी पण तेच केलं. त्यामुळे प च्या शीटमध्ये आजोबांच्या जुन्या फोनवर पिस्तूल दिसू शकतं आणि नातीच्या फोनवर पिचकारी, आणि रंगपंचमीला राजवाड्यासमोरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून वाढलेली इंदूरची नात पिचकारी सोडून दुसरं काय लिहिणार. दोन्ही प ची, दोघांनाही मार्क द्या. तसंच रिक्षा, पणती, साडी आणि देऊळ हे इमोजी 2019 मध्ये आले, त्याच्या आधीच्या फोनवर नुसता चौकोन दिसू शकतो, तेव्हा चौकोन दिसला तर ग्रुपवर विचारा, चौकोनाचं उत्तर शोधत बसू नका. बाय द वे, रिक्षा र मध्ये असते पण आपण ऑटो म्हणतो ना, त्यामुळे इथले लोक तिथे हमखास अडकतात.

टायपिंगला वेळ जातो त्यावर उपाय म्हणजे फोनच्या कीबोर्डमध्ये मराठी वेगळी ॲड करा, हिंदीवर काम चालवू नका, शब्द सुचवताना तो हिंदीच सुचवतो आणि कावळ्याचा काला होऊन बसतो. बोलून टाइप करायचं असेल तरी भाषा मराठीच सिलेक्ट करा. सगळी उत्तरं एकाच मेसेजमध्ये नंबर टाकून लिहा, येत नाही तिथे रेघ मारा आणि पुढे चला. गूगल लेन्स लावून शोधणारे असतातच प्रत्येक ग्रुपमध्ये, लावू देत, लेन्स बहुतेक इंग्रजी किंवा हिंदी नाव सांगेल, करंजीला गुजिया म्हणेल, मग घ्या ग ची करंजी.

तुम्ही स्वतः राउंड घेणार असाल तर उत्तरं ग्रुपवर न मागवता आपल्या पर्सनलवर मागवा, नाहीतर पहिल्याने लिहिलं की बाकीचे बघून लिहितात. ग्रुपवरच घ्यायचं असेल तर सेटिंगमध्ये फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील असं करून ठेवा, ठरलेल्या वेळी उघडा आणि वेळ संपली की परत बंद. आणि एक, 2023 पासून पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत एडिट करता येतो, एडिट केलेल्यावर तसं लिहून येतं, तेवढं बघत जा. अक्षर निवडताना क, प, म, स ने सुरुवात करा, मग झ घ्या, झ फार मजेदार आहे, झाडू, झारा, झुरळ, झेंडू, झोपाळा, झबलं, घरभर झ च झ. ण आणि ळ सोडून द्या, त्यांनी मराठीत शब्द सुरूच होत नाही, तरी दरवेळी कोणीतरी भिया (म्हणजे भैया) ळ घे ना म्हणून मागे लागतोच.

आता लगेच एक करून बघायचं असेल तर र घ्या, पाच चित्रं आहेत. पहिलं, रंगाचे डबे, शेजारी पांढरा कोट घातलेला क्रिकेटचा अंपायर, आणि शेजारी स्वतःकडे बोट दाखवणारा माणूस. दुसरं, धनुष्य घेतलेला देव आणि टोपलीत फळं. तिसरं, दारासमोर ठिपके आणि रेघा. चौथं, ताकाच्या भांड्यात उभी लाकडी दांडी, खाली फुलासारखी. पाचवं, डोंगरामागून वर येणारा सूर्य. पहिलं रंगपंचमी, रंग-पंच-मी. दुसरं रामफळ, तिसरं रांगोळी. चौथं रवी आणि पाचवं पण रवीच, तेव्हा एकदा लिहिलंय म्हणून दुसऱ्यांदा घाबरू नका, आणि पाचव्याला सूर्य लिहिलंत तर शून्य.